पदत्याग आणि लोकापवाद : शिबली नोमानींच्या लखनौमधील राजीनाम्याची कारणमीमांसा

जुलै १९१३ मध्ये अल्लामा शिबली नोमानी यांनी लखनौच्या नदवतुल उलमा या संस्थेतील ‘मोतमद-ए-तालीम’ हे पद सोडले. अलिगढ आणि हैदराबाद येथील सेवेनंतर १९०५ मध्ये ते या पदावर आले होते. इंग्रजीचा समावेश, जुन्या तर्कग्रंथांची छाटणी, अरबी साहित्याला दिलेले प्राधान्य यांमुळे नदव्याच्या दारुल उलूमचे रूप त्यांनी आठ वर्षांत पालटले. असा माणूस आपणच उभारलेल्या संस्थेतून का निघून गेला, या प्रश्नाला उर्दू चरित्रवाङ्मयाने दिलेली उत्तरे परस्परांशी जुळत नाहीत. तौलनिक अभ्यासकाला रस आहे तो या न जुळण्यातच.

तत्कालीन निमित्त सर्वज्ञात आहे. बाल्कन युद्धाच्या त्या दिवसांत नदव्यातील एका अध्यापकाचा जिहादविषयक लेख संस्थेच्या ‘अल्-नदवा’ या मासिकात छापला गेला आणि शिबलींनी त्याला निलंबित केले. संस्थेला १९०८ पासून दरमहा ५०० रुपयांचे सरकारी अनुदान मिळत होते; इमारतीची कोनशिलाही प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांच्या हस्ते बसली होती. अनुदान वाचवण्यासाठी सहकाऱ्याचा बळी दिला, असा बोभाटा झाला. विरोधाभास असा की, याच काळात शिबली स्वतः इंग्रजी सत्तेवर आणि मुस्लिम लीगच्या राजनिष्ठेवर बोचऱ्या कविता लिहीत होते. कवी शिबली आणि प्रशासक शिबली यांच्यातील ही फट प्रतिपक्षाला आयतीच सापडली.

परंतु निमित्त म्हणजे कारण नव्हे. ‘इल्मुल कलाम’ आणि ‘अल्-कलाम’ या ग्रंथांतील बुद्धिवादी मांडणीमुळे परंपरानिष्ठ उलमा त्यांच्याकडे आधीपासूनच संशयाने पाहत होते. अलिगढला सर सय्यद अहमद खानांच्या सहवासात घालवलेली वर्षेही त्यांच्या खात्यावर जमा होती. कार्यकारी मंडळातील कुरबुरी, अधिकारांची ओढाताण आणि १९०७ मध्ये बंदुकीच्या अपघातात पाय गमावल्यापासून खालावलेली प्रकृती हे सारे त्यात मिळवले, तर राजीनामा अनपेक्षित वाटत नाही.

तरीही चर्चा तेथे थांबली नाही, कारण तिच्यात मुंबईचा प्रवेश झाला. शिबलींचा मुंबईच्या फैजी कुटुंबाशी स्नेह होता. जंजिऱ्याच्या बेगम नाजली, जोहरा आणि अतिया या भगिनी सुशिक्षित होत्या; अतिया तर शिक्षणासाठी इंग्लंडला जाऊन आलेल्या. मुंबईच्या वास्तव्यात शिबलींनी रचलेल्या फारसी गझला ‘दस्ता-ए-गुल’ या नावाने १९०८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. पुढे अतियांनी पुण्याच्या बेने इस्रायली कुटुंबातील चित्रकार सॅम्युएल रहमीन यांच्याशी विवाह केला. शिबलींनी जोहरा व अतिया यांना लिहिलेली पत्रे त्यांच्या मृत्यूनंतर भोपाळहून ग्रंथरूपाने निघाली. त्या संग्रहाला मौलवी अब्दुल हक यांची प्रस्तावना आहे. हे तेच अब्दुल हक, ज्यांनी औरंगाबादेत बसून अंजुमन तरक्की-ए-उर्दूचा संसार चालवला. पत्रांत शिक्षण आहे, फारसी काव्य आहे आणि वयाला व पदाला न शोभणारी, असे अनेकांना वाटलेली, एक आर्तताही आहे. वहीद कुरेशींनी १९५० च्या सुमारास या साऱ्याला थेट प्रेमचरित्राचे स्वरूप दिले. सय्यद सुलैमान नदवींच्या ‘हयात-ए-शिबली’त (१९४३) मात्र नदव्यातील संघर्षाला भरघोस जागा आहे आणि या स्नेहाला बेताचीच. शिष्याने लिहिलेल्या गुरुचरित्रात असे घडणे मराठी वाचकाला नवलाचे वाटू नये.

येथे कालक्रम पाहणे अगत्याचे आहे. ज्या पत्रांवर प्रवादाची इमारत उभी आहे, ती १९१३ मध्ये खाजगी होती. गझला छापील होत्या. पण फारसी गझलेतील प्रियपात्र हे संकेताचे असते आणि त्यावरून कोणाला पदच्युत करण्याची प्रथा लखनौत तरी नव्हती. म्हणजे उत्तरकालीन वाचकांनी पत्रे वाचली, मग गझला पुन्हा वाचल्या आणि शेवटी राजीनामाही त्याच प्रकाशात वाचला. कुजबूज मुळीच नसेल असे नाही. मात्र तिला कारणाचे स्थान देण्यास पुरावा अपुरा आहे.

मुंबईतील १८६२ च्या महाराज लायबल खटल्याशी तुलना केल्यास भेद स्पष्ट होतो. तेथे करसनदास मुळजींचे आरोप उघड छापलेले होते, डॉ. भाऊ दाजींसारख्यांच्या साक्षी झाल्या, निकाल करसनदासांच्या बाजूने लागला. पण वल्लभ संप्रदायातील गादी वंशपरंपरेची, ती सोडण्याची रीतच नव्हती. शिबलींचे पद नियमावलीतून आलेले, म्हणून ते सोडता येत होते. आरोप सिद्ध होऊनही गादी अबाधित राहते आणि आरोप न होताही पदत्यागाभोवती कथा रचली जाते, याचा उलगडा नीतीपेक्षा संस्थेच्या घडणीतच शोधावा लागतो.

भाषेनेही येथे थोडी गंमत केली आहे. मराठीत पद सोडण्याच्या पत्राला ‘राजीनामा’ म्हणतात. उर्दूत त्याच शब्दाचा अर्थ तडजोडीचा लेख असा होतो. पदत्यागासाठी उर्दूत ‘इस्तीफा’ आहे आणि तो ‘अफ्व’ म्हणजे क्षमा या धातूशी जोडलेला आहे. आपली सुटका मागणाऱ्याने क्षमाच मागितली, असे ऐकणाऱ्याला वाटले तर दोष सर्वस्वी त्याचा नाही.

१९१४ मध्ये नदव्याच्या विद्यार्थ्यांनी संप केला. आझादांच्या ‘अल्-हिलाल’ने शिबलींची बाजू उचलली, दिल्लीत हकीम अजमल खान यांच्या पुढाकाराने संस्थेच्या सुधारणेसाठी सभा भरली. शिबली परत आले नाहीत. ‘सीरतुन्नबी’चे काम अपुरे टाकून १८ नोव्हेंबर १९१४ रोजी आझमगढ येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या कल्पनेतील दारुल मुसन्निफीन शिष्यांनी तेथेच उभारली आणि त्या ग्रंथाचा पहिला खंड १९१८ मध्ये प्रकाशित झाला. फैजी भगिनींच्या पत्रसंग्रहात मात्र आहेत ती केवळ शिबलींची पत्रे. त्यांना आलेली उत्तरे त्यात नाहीत.