टोमॅटोचा नवा शत्रू : टुटा

टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. त्याच्यामागून काही शतकांनी त्याचा एक शत्रूही तिथूनच आपल्याकडे आला. त्याचे नाव टुटा. एडवर्ड मेरिक या शास्त्रज्ञाने १९१७ मध्ये पेरू देशातील नमुन्यांवरून या पतंगाचे प्रथम वर्णन केले. २००६ मध्ये तो स्पेनमध्ये आढळला आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये पुण्याजवळच्या टोमॅटोवर. तिथून तो इतर राज्यांत पसरला.

पतंग जेमतेम ५ ते ७ मिलिमीटर लांब, करड्या रंगाचा. दिवसा लपतो, रात्री उडतो. एक मादी २६० पर्यंत अंडी घालते. नुकसान करते ती अळी. पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये शिरून ती आतला हिरवा गर खाते. उष्ण हवेत महिन्याभरात नवी पिढी तयार होते.

ओळखायची कशी? पान उजेडासमोर धरा. नेहमीच्या नागअळीची रेघ बारीक व नागमोडी असते. टुटाचे चट्टे रुंद व पारदर्शक असतात, आत काळी विष्ठा दिसते. फळावर, विशेषतः देठाजवळ, टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे पडतात. अशा फळाला बाजारात भाव मिळत नाही.

अळी पानाच्या आत असल्याने फवारणी तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. एकच औषध वारंवार मारले तर किडीला त्याची सवय होते. शिवाय टुटाला खाणारे मित्रकीटकही मरतात. खर्च शेतकऱ्याचा, विषाचा अंश मात्र सर्वांच्या ताटात! म्हणून उपाय अनेक आणि एकत्र करावे लागतात :

१. रोपवाटिकेला बारीक जाळी लावावी. निरोगी रोपेच लावावीत.
२. कामगंध सापळे लावावेत. त्यांत नर पतंग अडकतात व कीड आल्याचे लवकर कळते.
३. किडकी पाने-फळे बांधावर न टाकता पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवावीत.
४. टोमॅटो, बटाटा, वांगी एकामागोमाग घेऊ नयेत. टुटा तिन्हींवर जगते. बटाटा पिकवणाऱ्या माळव्याने हे विशेष ध्यानात ठेवावे.
५. कोष मातीतही असतात, म्हणून पिकानंतर खोल नांगरट करावी.
६. फवारणी गरजेपुरतीच, कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने करावी. फवारणी व तोडणी यांतले डब्यावर छापलेले दिवस पाळावेत.

१९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड यांनी आपल्या इंदूरातच संशोधन संस्था उभारली. त्यांची कंपोस्ट खताची 'इंदूर पद्धत' जगभर गेली. पण ढीग चांगला तापला तरच त्यातली कीड मरते. गच्चीवरच्या छोट्या कुंडीत तेवढी उष्णता होत नाही. म्हणून किडकी पाने त्यात टाकू नयेत.

पालकांनी घरच्या व विश्वस्तांनी शाळेच्या बागेत टोमॅटोची चार रोपे जरूर लावावीत. मुलांनी आठवड्यातून एकदा पाने उलटून पाहावीत व दिसेल ते वहीत टिपावे. कीड लवकर दिसली तर दोन पाने तोडून भागते. उशीर झाला तर सारे पीक जाते.