एकीनं फोटो काढावा, दुसरीनं पाय सांभाळावेत

मैत्रिणींनो, लेकीच्या बाळंतपणासाठी नाहीतर मुलाच्या आग्रहाखातर सिडनीला जायचा योग हल्ली पुष्कळजणींना येतो. तिथं जाऊन नातवंड आणि स्वैपाकघर एवढंच पाहून परतायचं का? छे! एक पहाट तरी स्वतःसाठी राखून ठेवा. आपल्या कोकणात सूर्य समुद्रात बुडतो. सिडनीचा किनारा पूर्वेचा, त्यामुळे तिथं तो पाण्यातून वर येतो. बाँडाय ते कूजी ही सहा किलोमीटरची पायवाट कड्याकड्यानंच जाते. ती सगळी चालायची गरज नाही, थोडी चाललात तरी पुरे.

मात्र एकट्या जाऊ नका, मैत्रीण बरोबर हवीच. नुसत्या गप्पांसाठी नव्हे हं! फोटो काढताना डोळे पडद्यावर असतात आणि पाय नकळत मागेपुढे सरकतात. म्हणून एकीनं फोटो काढावा, तेव्हा दुसरीनं तिच्या पायांकडे लक्ष द्यावं. मग पाळी बदलावी.

हे कडे वालुकाश्माचे, म्हणजे वाळू घट्ट बसून झालेल्या दगडाचे. वीस कोटी वर्षांहूनही जुने. दिसायला भक्कम, पण लाटा खालून दगड कोरत असतात. वरून सपाट अंगण वाटतं आणि खाली आधारच नसतो! शहराच्या दक्षिणेला रॉयल नॅशनल पार्कमध्ये लग्नाच्या केकसारखा दिसणारा एक पांढराशुभ्र खडक आहे. फोटोंसाठी तिथं झुंबड उडू लागली. अखेर तो कोसळण्याचा धोका ओळखून २०१५ साली त्याला कुंपण घालावं लागलं. तेव्हा कुंपण दिसलं की अलीकडेच थांबायचं, कुणी कितीही ओलांडोत.

आता तयारी. जून-जुलैत तिथं थंडी असते आणि सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे फार लवकर उठायला नको. डिसेंबरात मात्र पावणेसहाच्या आतच उजाडतं. अर्धा तास आधी पोचा. खरे रंग सूर्य वर येण्यापूर्वीच दिसतात. दवानं दगड निसरडा होतो, म्हणून चपला नकोत, बूट घाला. शाल, टॉर्च आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा विसरू नका. पहाटेच्या बसची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

मोबाइलवर फोटो घेताना उजळ आकाशावर बोट टेकवा आणि उजेड थोडा कमी करा, म्हणजे रंग फिके पडत नाहीत. क्षितिजाची रेघ सरळ ठेवा. हात थरथरत असेल तर कोपरं कठड्यावर टेकवा. फ्लॅश नकोच. सूर्य वर आला की त्याच्याकडे पाठ करून कड्याकडे बघा. कोवळ्या उन्हात तो दगड मधासारखा पिवळा दिसतो. पुष्कळजण नेमका हाच फोटो घ्यायचा विसरतात.

आणि हो, घरच्या अल्बमात सगळ्यांचे फोटो असतात, आपलाच तेवढा नसतो. तेव्हा त्या उन्हात मैत्रिणीकडून तुमचाही एक काढून घ्या बरं का, कठड्याच्या आत उभ्या राहून!