काचेखाली अडलेला प्रवाह

रक्तवाहिनीत गुठळी अडकली की पेशींचा ऑक्सिजन तुटतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याच वेळी ग्लुकोज येणे थांबते आणि पेशींनी टाकलेला मळ वाहून जाणेही थांबते. लॅक्टिक आम्ल साचते, पोटॅशियम साचते. प्रयोगशाळेतल्या बशीत हे संकट उभे करायचे, तर हा साचलेला मळही तिथे हवा, असे माझे ठाम मत आहे. रूढ पद्धत मात्र हवेवर भर देते. बशी हवाबंद पेटीत ठेवून ९५ टक्के नायट्रोजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड सोडतात, पोषकद्रवातून ग्लुकोज वगळतात. उंदराच्या मेंदूपेशींवरचे असे काम मार्क गोल्डबर्ग आणि डेनिस चॉय यांनी १९९३मध्ये प्रसिद्ध केले आणि पक्षाघाताच्या संशोधनात ही पद्धत रुळली. पेटी दिसते तेवढी साधी नाही. बशीच्या प्लॅस्टिकमध्ये मुरलेला ऑक्सिजन हळूहळू द्रवात झिरपत राहतो. शिवाय पेशींवर द्रवाचा काही मिलिमीटरचा थर असतो. मापक शून्य दाखवत असला, तरी तळाशी पेशींचे श्वसन चालूच असू शकते. त्याहून मोठी उणीव द्रवाच्या प्रमाणाची आहे. मूठभर पेशींवर एवढा द्रव असतो की आम्ल त्यात विरून जाते.

ही उणीव एका पातळ काचेने बरीच भरून निघते. हृदयस्नायूच्या पेशींच्या थरावर कव्हरस्लिप ठेवण्याची पद्धत २००४मध्ये मांडली गेली. काचेखालच्या पेशी आपलाच ऑक्सिजन संपवतात, आपल्याच मळात अडकतात. कडेच्या पेशींना मात्र बाहेरून पुरवठा मिळत राहतो. मधला मरता भाग आणि कडेचा तगलेला भाग एकाच बशीत दिसतो, हे मला फार मोलाचे वाटते. काचेखालचा ऑक्सिजन हवा तसा ठरवता येत नाही, हा आक्षेप खरा आहे. नेमका आकडा हवा असेल तिथे पेटीच घ्यावी. बशीत ना रक्त ना रक्तवाहिनी, मग प्राण्यांवरच प्रयोग का करू नयेत, हा दुसरा आक्षेप. पण २००६च्या एका आढाव्यात पक्षाघातावरचे १,०२६ प्रायोगिक उपचार मोजले गेले. त्यांतले कितीतरी प्राण्यांमध्ये गुणकारी ठरले आणि माणसांत फसले. प्राण्याच्या शरीरात ऑक्सिजनची तूट, आम्ल आणि दाह एकमेकांत गुंतलेले असतात. बशीत त्यांना सुटे करून एकेकाचा दोष पाहता येतो. काच उचलण्याचा क्षणही असाच तपासता येतो: साचलेले आम्ल झटकन धुऊन जाते, ऑक्सिजन परततो आणि तोवर तगलेल्या काही पेशी नेमक्या तेव्हाच मरतात.