बुद्धाच्या जन्मभूमीत जातीचा कायदा

शिरगाव, बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यात जिथे जिथे नव्या सोसायट्या उभ्या राहिल्या, तिथे तिथे रात्रीच्या पहाऱ्याला नेपाळी माणूस आला. आपण त्याला 'बहादूर' म्हणून मोकळे होतो. त्याचे नाव, त्याचे गाव, तो देश सोडून इथवर का आला, हे आपण विचारत नाही. ज्या समाजाला पिढ्यान्पिढ्या दुसऱ्यांनी ठेवलेल्या नावाने हाक मारली गेली, त्या समाजाने तरी हे विचारायला हवे. कारण हा माणूस ज्या देशातून येतो तो देश तथागतांची जन्मभूमी आहे. आणि त्याच देशात जात ही नुसती रूढी नव्हती, तर शंभरावर वर्षे तो राज्याचा लिखित कायदा होता. हे कसे घडले? आंबेडकरी चळवळीने या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहावे, असे आम्हाला वाटते.

आधी देश पाहू. नेपाळचे क्षेत्रफळ सुमारे १ लाख ४७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी. २०२१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २ कोटी ९१ लाखांच्या वर. उत्तरेला तिबेट, बाकी तिन्ही बाजूंना भारत, समुद्र कुठेच नाही. जमिनीचे तीन आडवे पट्टे आहेत. दक्षिणेला तराईचा सपाट, भातशेतीचा प्रदेश, मध्ये डोंगराळ 'पहाड', उत्तरेला हिमालय. तराईतली काही जमीन समुद्रसपाटीपासून शंभर मीटरसुद्धा उंच नाही आणि उत्तरेला ८,८४८.८६ मीटर उंचीचे एव्हरेस्ट उभे आहे. कोसी, गंडकी, कर्णाली या मोठ्या नद्या हिमालयातून उतरून भारतात येतात आणि गंगेच्या पाण्याला मिळतात.

आपल्यापैकी अनेकांच्या मनात अशी समजूत असते, की सिद्धार्थाचा जन्म कुठल्या तरी बर्फाळ डोंगरात झाला. तसे नाही. लुंबिनी तराईत आहे, रूपन्देही जिल्ह्यात. कल्याणहून गाडी पकडून गोरखपूरला उतरायचे, तिथून सोनौलीची सरहद्द ओलांडायची आणि तासाभरात लुंबिनी. वाटेत दोन्ही बाजूंना शेतेच शेते. १८९६ साली तिथे सम्राट अशोकाचा स्तंभ उजेडात आला. अशोक राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षी स्वतः इथे आला होता, हे त्या स्तंभावर कोरले आहे. येथे बुद्ध जन्मले म्हणून त्याने या गावाचा एक कर माफ केला आणि शेतसारा आठव्या हिश्श्यावर आणला, अशीही नोंद तिथे आहे. बुद्धाचा मान राखायचा म्हणजे शेतकऱ्याच्या डोक्यावरचा बोजा उतरवायचा, हे त्या राजाला कळले होते. १९९७ साली युनेस्कोने लुंबिनीला जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली.

याच तराईत रोहिणी नदी वाहते. ती नेपाळमधून खाली येऊन गोरखपूरजवळ राप्तीला मिळते. शाक्य आणि कोलिय या दोन गणांची शेती या नदीच्या पाण्यावर होती आणि पाण्यावरून त्यांचे भांडण जुंपले. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही पारंपरिक कथा बाबासाहेबांनी आपल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारली. रोहिणीच्या पाण्याच्या तंट्यात शाक्यांच्या संघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने त्याला विरोध केला आणि त्यापायी गृहत्याग पत्करला, अशी मांडणी त्यांनी केली. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली पाण्यासाठी लढा उभारणाऱ्या महामानवाला गृहत्यागाच्या मुळाशी पाण्याचा प्रश्न दिसावा, यात आम्हाला नवल वाटत नाही. पाणी कोणाचे, हा प्रश्न पुढे नेपाळच्या इतिहासातही आला आणि फार विकृत रूपात आला.

बुद्ध भारताचे की नेपाळचे, हा वाद अधूनमधून उकरून काढला जातो. बुद्धाच्या काळी आजचा भारत नव्हता आणि आजचा नेपाळही नव्हता. दोन्हीकडच्या राज्यकर्त्यांना बुद्धाची जन्मभूमी हवी आहे. त्यांचा विचार किती जणांना हवा आहे, हा खरा प्रश्न आहे.

काठमांडूच्या खोऱ्यात धम्म प्राचीन काळीच पोहोचला. स्वयंभू आणि बौद्धनाथ हे स्तूप, पाटणचे विहार आजही साक्ष देतात. खोऱ्यातले मूळचे नेवार लोक व्यापारी, कारागीर आणि मोठ्या संख्येने बौद्ध. पण हळूहळू तिथे एक गोष्ट घडली. भिक्खू संसारी झाले. विहार त्यांच्या कुटुंबांची वस्ती बनले. शाक्य आणि वज्राचार्य या जन्माने ठरणाऱ्या जाती झाल्या. वज्राचार्याच्या मुलानेच वज्राचार्य व्हायचे. चौदाव्या शतकात राजा जयस्थिती मल्लाने ब्राह्मण पंडितांच्या सल्ल्याने नेवारांची जातवार उतरंड बसवली, असे तिथल्या वंशावळी सांगतात. बुद्धाची पूजा चालू राहिली, दिवे लागत राहिले. पण झाडलोट करणारा पोडे शहराच्या वेशीबाहेरच राहिला. धम्माने जातीशी तडजोड केली आणि जातीने धम्माला गिळले.

त्यानंतर गोरख्याचा राजा पृथ्वीनारायण शहा याने १७६८-६९ मध्ये काठमांडूचे खोरे जिंकले. मुसलमान आणि इंग्रज यांच्यापासून दूर असलेले आपले राज्य हेच अस्सल हिंदुस्थान, अशी त्याची धारणा होती. पुढे इंग्रजांशी युद्ध झाले आणि सुगौलीच्या तहाने १८१६ साली नेपाळच्या आजच्या सीमा बऱ्याचशा ठरल्या. १८४६ मध्ये जंगबहादूर राणा याने राजवाड्याजवळच्या कोतात सरदारांची कत्तल घडवून सत्ता बळकावली. राजा नावापुरता उरला आणि राणा घराण्याने १९५१ पर्यंत राज्य केले.

या जंगबहादूरने १८५४ साली 'मुलुकी ऐन' म्हणजे देशाचा कायदा लागू केला. वाचकांनी हे साल लक्षात ठेवावे. १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीमाई पुण्यात मुलींसाठी शाळा उघडत होते. त्यानंतर सहा वर्षांनी नेपाळच्या दरबारात सगळ्या प्रजेची पाच पायऱ्यांत वाटणी झाली. सर्वांत वर तागाधारी, म्हणजे जानवे घालणारे. त्याखाली मतवाली, म्हणजे दारू पिणारे. त्यांचे दोन भाग: ज्यांना गुलाम करता येत नाही ते आणि ज्यांना गुलाम करता येते ते. मगर, गुरुंग यांच्यासारखे लोक, ज्यांच्या शौर्यावर गोरखा पलटणी जगभर गाजल्या, ते स्वतःच्या देशाच्या कायद्यात 'मतवाली' ठरले. बुद्धाला मानणारे तामांग तर गुलाम करता येणाऱ्यांत गेले. सर्वांत खालच्या दोन पायऱ्या 'पानी नचल्ने' म्हणजे ज्यांच्या हातचे पाणी चालत नाही अशांच्या. त्यातही अगदी तळाला ते, ज्यांचा स्पर्श झाल्यास अंगावर पाणी शिंपडून शुद्ध व्हावे लागे: कामी, सार्की, दमाई, पोडे. लोहार, चांभार, शिंपी आणि सफाई करणारे! ज्याने कोयता घडवला, जोडा शिवला, अंगरखा शिवला, त्याच्या हातचे पाणी मात्र बाटलेले.

गुन्हा एकच, पण शिक्षा जातीप्रमाणे वेगवेगळी. ब्राह्मणाला मृत्युदंड नाही. कोणी कोणाच्या हातचा भात खावा, कोणी कोणाशी संबंध ठेवावा, हे न्यायालय ठरवणार. मनुस्मृतीची बरोबरी करणारे हे कलमांचे पुस्तक पुढे सुधारत, बदलत चालले, पण जातीचा कणा तसाच राहिला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, त्या दिवशीही नेपाळात हा कायदा चालू होता.

राणांना धम्माचीही भीती वाटत होती. १९४४ मध्ये जुद्ध शमशेर या राणा पंतप्रधानाने थेरवादी भिक्खूंना देशाबाहेर घालवले. धम्माचा प्रचार करणे आणि स्त्रियांना दीक्षा देणे हा त्यांचा गुन्हा. त्या भिक्खूंनी सारनाथला त्याच वर्षी धर्मोदय सभा स्थापन केली. त्यांच्यातल्या अमृतानंदांसारख्या भिक्खूंना प्रव्रज्या कोणी दिली होती? कुशीनगरच्या भदंत चंद्रमणी महास्थवीरांनी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांना धम्मदीक्षा देणारे तेच चंद्रमणी. नागपूर आणि काठमांडू असे एका गुरूने जोडलेले आहेत.

बाबासाहेब काठमांडूला गेले ते याच पार्श्वभूमीवर. जागतिक बौद्ध परिषदांना ते १९५० साली कोलंबोत आणि १९५४ साली रंगूनला हजर होते. चौथी परिषद नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला भरली. प्रकृती ढासळलेली, चालणे कठीण, तरीही माईसाहेबांना सोबत घेऊन ते गेले. २० नोव्हेंबरला त्यांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केले. शोषण संपवण्याचे ध्येय दोघांचेही, पण मार्ग वेगळे; बळाने उभे केलेले बळ सरताच कोसळते, माणसाचे मन बदलून उभे केलेले टिकते, हा त्या भाषणाचा गाभा. त्यानंतर अवघ्या सोळा दिवसांनी महापरिनिर्वाण झाले. ज्या राजधानीत बाबासाहेब हे बोलत होते, तिथे १८५४ चा जातीचा कायदा त्या दिवशीही रद्द झालेला नव्हता. भारतात संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता १९५० सालीच बेकायदा ठरवली होती. सरहद्दीच्या अलीकडचा आणि पलीकडचा हा फरक भूगोलाने घडवलेला नाही. तो एका माणसाच्या लेखणीने आणि लाखोंच्या चळवळीने घडवला.

नेपाळातले दलितही स्वस्थ बसले नव्हते. १९४७ मध्ये बागलुंगला सर्वजित विश्वकर्मा यांनी संघटना उभी केली. १९५४ च्या सुमारास सहर्षनाथ कपाली यांच्या नेतृत्वाखाली पशुपतिनाथ मंदिर प्रवेशाचा लढा झाला. आपल्या काळाराम सत्याग्रहाचीच ती वाट. १९६३ च्या नव्या मुलुकी ऐनाने जातीनुसार शिक्षा काढून टाकल्या. म्हणजे जातीचा कायदा १०९ वर्षे चालला. पण १९६२ च्या संविधानाने देशाला हिंदू राज्य ठरवले होते, ते बिरुद २००६ च्या जनआंदोलनापर्यंत टिकले. २८ मे २००८ रोजी राजेशाही संपून प्रजासत्ताक आले. अस्पृश्यतेविरुद्ध स्वतंत्र कायदा व्हायला २०११ साल उजाडले.

२० सप्टेंबर २०१५ च्या संविधानात दलितांचे हक्क स्वतंत्र कलमात आहेत. गावपातळीवर प्रत्येक वॉर्डात एक जागा दलित स्त्रीसाठी राखीव आहे आणि २०१७ च्या निवडणुकीत साडेसहा हजारांहून अधिक दलित स्त्रिया निवडून आल्या. ही फार मोठी गोष्ट आहे. मात्र याच संविधानाने धर्मनिरपेक्षतेचा अर्थ सांगताना सनातन काळापासून चालत आलेल्या धर्माचे रक्षण असा शब्द घातला, गाईला राष्ट्रीय प्राणी केले आणि दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्यास बंदी घातली. नागपूरसारखी सामूहिक दीक्षा तिथे उद्या कोणी द्यायची ठरवली, तर काय होईल? जनगणनेत बौद्धांचे प्रमाण २००१ मध्ये १०.७ टक्के होते, २०२१ मध्ये ते ८.२ टक्क्यांवर आले. सुमारे १३ टक्के असलेल्या दलितांना काठमांडूत आजही जात लपवल्याशिवाय भाड्याची खोली मिळणे अवघड जाते. २०२० च्या मे महिन्यात रुकुम पश्चिम जिल्ह्यात वरच्या जातीच्या मुलीवर प्रेम करणाऱ्या दलित तरुणाला आणि त्याच्या सोबत्यांना जमावाने घेरले. सहा तरुणांचा जीव गेला. आपल्या खर्ड्याची, आपल्या सोनईची आठवण यावी असेच हे प्रकरण.

मार्च २०२५ मध्ये काठमांडूच्या रस्त्यावर राजा परत आणा, हिंदू राष्ट्र परत आणा अशी मागणी करणारे मोर्चे निघाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तरुणांच्या उठावाने सरकार पडले. बेकारी आणि भ्रष्टाचार यांना विटलेला तरुण उद्या कोणाच्या मागे जाईल, यावर तिथले बरेच काही ठरणार आहे. भारतातही हिंदू राष्ट्राचे गोडवे गाणारे कमी नाहीत. त्यांना आमचे सांगणे एवढेच, की असे राष्ट्र आपल्या शेजारी होते. त्यात कामी, सार्की, पोडे यांच्या हातचे पाणी चालत नव्हते. भूक भागत नव्हती म्हणून त्या राष्ट्राची मुले आमच्या बदलापुरात वॉचमन झाली. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना व्हिसा लागत नाही, म्हणून निदान ती वाट तरी मोकळी राहिली.

पण बोट फक्त दुसऱ्याकडे दाखवून भागणार नाही. नेपाळचा खरा धडा आपल्यासाठी आहे. बुद्ध जिथे जन्मले तिथेही केवळ स्तूपांनी, मूर्तींनी आणि जयंत्यांनी माणूस मुक्त झाला नाही, कारण धम्म मानणाऱ्यांनी जात सोडली नाही. आपण लग्नाच्या बायोडाटावर 'बौद्ध' लिहितो आणि खाली हळूच पोटजात विचारतो, तेव्हा आपणही काठमांडूच्या वज्राचार्यांच्याच वाटेने चाललेले असतो. बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या त्या हा धोका ओळखून. सर्व मनुष्यमात्र समान आहेत, हे केवळ म्हणायचे नाही, तर घरात सून आणताना आणि जावई करताना पाळायचे आहे.

दरवर्षी आपले समाजबांधव धम्मयात्रेला लुंबिनीला जातात. जरूर जावे. अशोकस्तंभापुढे फोटो काढावा, तसे तिलौराकोटचे अवशेष पाहावेत, रोहिणीचे पाणी पाहावे आणि तराईतल्या मुसहर, चमार वस्तीतही पाय ठेवावा. तिथल्या दलित कार्यकर्त्यांना बाबासाहेबांचे ग्रंथ हवे आहेत. चार पुस्तके पिशवीत टाकायला काही जड नाही. बाबासाहेब आजारी शरीराने काठमांडूपर्यंत गेले. उरलेले अंतर चालणे आता आपले काम आहे.

जय भीम!