धोतराआड राहिलेलं दुखणं

माझ्या लहानपणी धुळे जिल्ह्यातल्या आमच्या गावात पारावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांमध्ये एक आजोबा होते. बसण्याआधी ते धोतराचा घोळ दोन्ही हातांनी सावरून पुढे घेत आणि मग हळूच टेकत. त्यांना अंडवृद्धी आहे हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. आम्ही त्यांना नावं ठेवली होती. ती आठवली की आजही मान खाली जाते. त्यांच्या घरात मात्र हा विषय निघाल्याचं कधी ऐकलं नाही. आजोबांनी शेती केली, मुलींची लग्नं लावली, पंढरपूरला जाऊन आले आणि नारळाएवढं ओझं मांड्यांमध्ये घेऊनच गेले. जेमतेम तासाभराच्या शस्त्रक्रियेने ते उतरलं असतं.

पुरुषाच्या या अवयवाकडे गेल्या शंभर वर्षांत खान्देशात कोणी कोणी पाहिलं, हे आठवायला बसलो तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. पाहायला आले ते बाहेरचे. रात्री रक्त घ्यायला हत्तीरोगाचं पथक आलं, नसबंदीसाठी तलाठी-मास्तर आले. ज्याचा अवयव, तो मात्र स्वतः खाली हात लावून पाहत नव्हता, आणि दुखलं तरी बोलत नव्हता.

तसं हे दुखणं आपल्या वैद्यकाला परकं नाही. सुश्रुताने वृद्धीचे सात प्रकार सांगितले. त्यांतल्या मूत्रवृद्धीचं वर्णन पाण्याने भरलेल्या पखालीसारखी हलणारी सूज असं आहे, आणि शिवणीच्या बाजूला खालून छेद देऊन नळीने पाणी काढण्याची रीतही दिली आहे. नाव मूत्रवृद्धी असलं तरी ते पाणी लघवीचं नसतं. वृषणाभोवती दुपदरी आवरण असतं, त्यात थोडा द्रव नेहमीच पाझरतो आणि शोषला जातो. शोषणं कमी पडलं की तो साठतो. यालाच डॉक्टर हायड्रोसील म्हणतात. नुसतं सुईने काढलेलं पाणी पुन्हा भरतं, म्हणून आज ती पिशवी कापून किंवा उलटी करून शिवतात. कमरेत इंजेक्शन देऊन ही शस्त्रक्रिया होते. लंगोट न घातल्याने अंड उतरतं, असं तालमीत सांगत. लंगोटाने सुजेला आधार मिळून जरा बरं वाटतं, पण पाणी साठायचं थांबत नाही.

मराठीत या गोष्टी छापून बोलण्याची हिंमत र. धों. कर्व्यांनी केली. ‘समाजस्वास्थ्य’ जुलै १९२७ मध्ये निघालं आणि १९५३ मध्ये कर्वे जाईपर्यंत चाललं. वाचकांच्या खासगी प्रश्नांना ते शास्त्राच्या आधाराने, सरळ शब्दांत उत्तरं देत. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला कर्वे हरले. शरीराच्या या भागाचं नाव घेणं हाच गुन्हा ठरत असेल, तर खेड्यातल्या माणसाने तोंड कसं उघडावं?

जळगावकडच्या आठवणींत हत्तीरोगाला मोठी जागा आहे. महाराष्ट्रात या रोगाचं नाव काढलं की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आठवतात, पण राज्याच्या हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांच्या यादीत खान्देशातले जळगाव आणि नंदुरबारही आहेत. हत्तीपाय डोळ्यांना दिसतो म्हणून त्याची दखल घेतली गेली. अंडकोषातली सूज कपड्याखाली राहिली. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की या रोगाने हात-पाय सुजलेले दीड कोटी लोक जगात असतील, तर हायड्रोसील झालेले पुरुष अडीच कोटी. हा रोग ज्या कृमीमुळे होतो, त्याची पहिली ओळखही पायातून झालेली नाही. १८६३ मध्ये पॅरिसमध्ये देमार्के या शल्यवैद्याला त्याची पिल्लं दिसली ती क्यूबाहून आलेल्या एका रुग्णाच्या अंडकोषातून काढलेल्या पाण्यात. नंतर १८७२ मध्ये लुईसने कलकत्त्याला ती माणसाच्या रक्तात दाखवली आणि १८७७ मध्ये मॅन्सनने चीनमध्ये डासाच्या अंगात. प्रौढ कृमी पुरुषाच्या अंडकोषाजवळच्या लसवाहिन्यांत घर करून वर्षानुवर्षं राहतात, वाहिन्या रुंदावतात, निचरा बिघडतो आणि पाणी साठू लागतं. प्रत्येक अंडवृद्धी हत्तीरोगाचीच असते असं नाही. मार, जंतुसंसर्ग, कधी गाठ, तर पुष्कळदा काहीच कारण सापडत नाही.

राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ मध्ये सुरू झाला. त्याची ओळख म्हणजे रात्रीचं पथक. या कृमीची पिल्लं आपल्याकडे रात्रीच रक्ताच्या वरच्या प्रवाहात येतात, म्हणून बोटाला सुई टोचायची तीही लोक झोपायच्या वेळी. कंदील, काचपट्ट्या, वही आणि अंगणात जागी झालेली माणसं. ज्यांच्या रक्तात पिल्लं सापडत त्यांना हेट्राझॅनच्या गोळ्या. हे औषध अमेरिकेत लेडर्ली कंपनीत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखाली १९४७च्या सुमारास तयार झालं. सुब्बाराव मूळचे आंध्रातले. भीमावरमला जन्मलेल्या एका माणसाच्या प्रयोगशाळेतली गोळी तापीकाठच्या ओट्यावर पोचली, याचं मला फार अप्रूप वाटतं. २००४ पासून गोळ्या सगळ्यांनाच वर्षातून एकदा देण्याचं ठरलं. लोक त्या घेत, खिशात ठेवत आणि विसरून जात. म्हणून पुढे कार्यकर्त्यांना ‘समोरच गिळा’ असा आग्रह धरावा लागला. रोग संपवण्याच्या उद्दिष्टाचं सालही पुढे पुढे सरकत गेलं, २०१५ वरून आता २०२७ पर्यंत. डास मात्र तोच, तुंबलेल्या गटारात अंडी घालणारा क्युलेक्स.

यात एक मोठी उणीव राहिली. गोळी रक्तातली पिल्लं मारते, फैलाव रोखते. भरलेली पिशवी रिकामी करत नाही. त्यासाठी सर्जनच लागतो. ज्याला आधीच सूज आहे तो गोळ्या गिळूनही तसाच राहिला की म्हणे, सरकारी औषधाने काही होत नाही. त्याला हा फरक समजावून सांगायला हवा होता. ‘माले लाज वाटस’ म्हणणाऱ्या माणसाला खाटेपर्यंत नेणारं कोणी तरी हवं होतं.

धोतर गेलं आणि पॅन्ट आली, तेव्हा थोडा फरक पडला. सूज लपेना, सायकलच्या सीटवर बसवेना. लाजेपेक्षा अडचण मोठी झाली तसे तरुण दवाखान्याची पायरी चढू लागले.

पण मधे १९७६ येऊन गेलं. त्याआधी नसबंदी ही शिबिरांतली गोष्ट होती आणि पुरुष ती करून घेत होते. आणीबाणीत सक्ती आली. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं, जगातलं अशा प्रकारचं बहुधा पहिलंच. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आलं नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशभर सुमारे ६२ लाख पुरुषांची नसबंदी झाली. पुढच्याच वर्षी बायका-पुरुष मिळून आकडा दहा लाखांच्या खाली आला. दवाखान्यात कपडे उतरवणं म्हणजे काही तरी कापून घेणं, ही भीती त्या वर्षाने पेरली, आणि ती नसबंदीपुरती राहिली नाही. ‘कमजोरी येते’, ‘मर्दपण जातं’ या समजुती घट्ट झाल्या. नसबंदीत शुक्राणू वाहून नेणारी नळी बांधतात. वृषण जागेवर असतो, त्यातलं पुरुषी संप्रेरक पूर्वीसारखंच रक्तात मिसळत राहतं. बिनटाक्याची पद्धत येऊनही माणसं परतली नाहीत. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित जोडप्यांपैकी ३७.९ टक्क्यांत बाईचं ऑपरेशन झालेलं होतं, पुरुषाचं ०.३ टक्क्यांत. पुरुषाची भीती बाईच्या पोटावर टाके होऊन उमटली.

मूल न झाल्याचा दोषही तिच्याच माथी आला. नवस, अंगारे, दुसरं लग्न, सगळं होई. पुरुषाच्या वीर्याची तपासणी शेवटी. मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाच्या बाजूचं कारण असतं, कधी एकटं तर कधी सोबतीने. अंडकोषातल्या फुगलेल्या शिरा, म्हणजे व्हेरिकोसील, हे त्यातलं नेहमीचं. ते बहुधा डाव्या बाजूला असतं आणि उभं राहिल्यावर गांडुळांची पिशवी हाताला लागावी तसं लागतं. वयात आल्यानंतर गालगुंड झाले तर वृषणालाही सूज येऊ शकते; ती बहुतेकदा एकाच बाजूला असते आणि कायमचं वंध्यत्व क्वचित येतं. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेला आहे, गालगुंड नाही. क्षयाची गाठही वृषणामागे होते, कधी फुटून वाहते, आणि क्षयाच्या नेहमीच्या औषधांनी बरी होते.

१९७७ सालची आणखी एक हकिगत केळीच्या मुलखातल्या माणसाने ऐकावी अशी आहे. कॅलिफोर्नियात लॅथ्रोप इथे एका रसायन कारखान्यात जमिनीतले सूत्रकृमी मारणारं डीबीसीपी नावाचं औषध बनत असे. तिथल्या कामगारांच्या गप्पांत निघालं की आपल्यापैकी कित्येकांना मूलच होत नाही. त्यांनी तपासणीचा आग्रह धरला, तेव्हा वीर्यात शुक्राणू अगदी कमी किंवा मुळीच नाहीत असं आढळलं. अमेरिकेत त्याचा बहुतेक वापर १९७९ मध्ये थांबला, पण तोवर मध्य अमेरिकेतल्या केळीच्या मळ्यांत ते ओतलं गेलं होतं आणि हजारो मजुरांनी वंध्यत्वाचे दावे लावले. रावेर-यावलच्या बागांमधून जाताना पाठीवर पंप घेतलेला, उघड्या हातांनी औषध ढवळणारा मजूर दिसला की मला लॅथ्रोप आठवतं. तिथे डॉक्टरांच्याही आधी कामगार एकमेकांशी बोलले होते. त्यांचं ते बोलणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

वृषणाच्या कर्करोगाचं थोडक्यातच सांगतो, कारण भारतात तो फार कमी आढळतो. पण तो तरुणांना होतो, १५ ते ३५ या वयात जास्त. बिनदुखरी कडक गाठ, किंवा वृषण जड वाटणं, एवढीच त्याची सुरुवात. सिस्प्लॅटिन या औषधाचा मिश्र उपचार लॉरेन्स आइनहॉर्न यांनी १९७४ मध्ये इंडियानात सुरू केला आणि पसरलेला आजारही बरा होऊ लागला. क्रिकेटपटू युवराजसिंगला २०१२ मध्ये याच जातीचा कर्करोग छातीत होता, आणि त्याच्यावर उपचार झाले तेही आइनहॉर्न यांच्याचकडे. घोळ होतो तो इथे: गाठीभोवती पाणी साठतं आणि अंडवृद्धी समजून वर्ष निघून जातं. म्हणून सूज कसलीही असो, सोनोग्राफी आधी, सुई नंतर. अंघोळीच्या वेळी दोन बोटं आणि अंगठ्यामध्ये वृषण हलकेच फिरवून पाहिला तर त्याची घडण लक्षात राहते. एक जरा खाली असणं आणि मागच्या बाजूला मऊ दोरीसारखं लागणं, हे दोन्ही नैसर्गिक.

सोयी मात्र वाढल्या, हे मोकळेपणाने सांगायला हवं. धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१८ पासून जळगावलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं. जीवनदायी योजनेच्या २ जुलै २०१२च्या पहिल्या टप्प्यातल्या मोजक्या जिल्ह्यांत धुळे होता. २०१४ पासून १०८ची रुग्णवाहिका आहे. सोयींसोबत लक्षही लवकर जाऊ लागलं. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलग्यांपैकी साधारण तिघांचा वृषण जन्मतः खाली उतरलेला नसतो. सहा महिन्यांपर्यंत वाट पाहायची, मग वर्ष-दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया. पूर्वी हे कळायचं लग्नाच्या वयात. आज तेल लावताना आजीच्या किंवा लस देताना परिचारिकेच्या ध्यानात येतं, फक्त तिने ते बोलून दाखवावं लागतं.

शाळेत असताना धुळ्याच्या एका वसतिगृहात माझ्या शेजारच्या खाटेवर शिरपूरकडचा एक मित्र होता. तेरा वर्षांचा. एका रात्री तो ओकारी काढत उठला. पोटात दुखतं म्हणाला. खाली दुखतंय हे त्याला सांगवलं नाही. सकाळी कोणी तरी पोटदुखीची गोळी दिली. दुपारी दवाखान्यात नेलं तेव्हा वृषण काळा पडलेला होता; काढावा लागला. वृषणाला पीळ पडला की त्याचा रक्तपुरवठा तुटतो. सहा तासांच्या आत सोडवला तर तो बहुधा वाचतो, दिवस उलटला तर क्वचितच. वयात येणाऱ्या मुलांना हे जास्त होतं, बऱ्याचदा झोपेत, काही लागलेलं नसताना.

हे सगळं त्याने मला सांगितलं तेव्हा तीस वर्षं उलटली होती. तेवढी वर्षं त्याला वाटत होतं की आपण अर्धे आहोत. लग्नाला नाही म्हणत राहिला. शेवटी एका डॉक्टरांनी समजावलं की एक निरोगी वृषण पुरतो, आणि त्याला दोन मुलं झाली. थोरला बाराचा झाला त्या दिवाळीत त्याने त्याला ओट्यावर जवळ बसवलं. काय बोललास, असं मी विचारलं. म्हणाला, फार काही नाही. एवढंच सांगितलं: “खाले दुखनं ते रातले बी माले उठाड.”