फ्लूची लस : गोलार्ध कोणता?

गोवराच्या लशीचे दोन डोस बहुतेकांना जन्मभर पुरतात. फ्लूची लस मात्र दरवर्षी टोचून घ्यावी लागते. यात लशीचा दोष थोडा, विषाणूचा अधिक.

फ्लूच्या 'ए' विषाणूची जनुके आरएनएच्या आठ तुकड्यांवर असतात. सारी मिळून सुमारे १३,५०० अक्षरे. त्यांची नक्कल करणाऱ्या विकराला चुका तपासता येत नाहीत. म्हणून प्रत्येक नकलेत सरासरी एखादी चूक राहतेच. बऱ्याच चुका विषाणूलाच भोवतात. पण एखादीने पृष्ठभागावरील हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाचा आकार किंचित बदलतो आणि जुन्या प्रतिपिंडांना ते नीट ओळखू येत नाही. हा झाला संथ बदल. दुसरा एकदम होतो. डुकराच्या एकाच पेशीत दोन वेगळे विषाणू शिरले, तर आठ तुकड्यांची सरमिसळ होते. २००९ चा 'स्वाइन फ्लू' असा उपजला. त्याचा भारतातील पहिला बळी, ३ ऑगस्ट २००९ रोजी, पुण्याची एक शाळकरी मुलगी होती.

लस तयार व्हायला सुमारे सहा महिने लागतात. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ आगाऊ निवड करतात : फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिणेसाठी. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था याच निरीक्षण-जाळ्यात आहे.

आता प्रश्न आपला. नकाशा पाहिला तर मीरा-भाईंदर उत्तर गोलार्धात. पण मुंबई-पुणे पट्ट्यात फ्लूची मोठी लाट येते ती पावसाळ्यात, श्रीनगरला हिवाळ्यात. उत्तरेची नवी लस येईपर्यंत आपली लाट अर्धी सरलेली असते. दक्षिणेची लस त्याआधी, उन्हाळ्यात मिळू शकते. विषाणू अक्षांश पाहत नाही!

२०१७ मध्ये हा फरक ठळक झाला. २००९ चा 'कॅलिफोर्निया' वाण लशीत २०१० पासून होता. सप्टेंबर २०१६ मध्ये दक्षिणेच्या २०१७ च्या लशीसाठी त्याऐवजी 'मिशिगन' वाण निवडला गेला. गंमत अशी, की फेरेट प्राण्यांच्या रक्तद्रवाला दोन्ही वाण सारखेच वाटत होते. फरक उघड झाला तो काही प्रौढ माणसांच्या रक्तद्रवात. २०१७ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात 'मिशिगन'च फिरत होता. उत्तरेच्या २०१६-१७ च्या लशीत मात्र अजून 'कॅलिफोर्निया' होता. ती अगदीच निरुपयोगी नव्हे, पण एक पाऊल मागे.

लशीच्या खोक्यावर सहसा वर्ष आणि गोलार्ध छापलेला असतो. आपल्याकडे लस टोचायची ती मे महिन्यात, फार तर जूनच्या आरंभी. प्रतिपिंड तयार व्हायला दोन आठवडे लागतात.