वजनकाटा आणि व्यापाऱ्याचे व्रत

आपल्या व्यापारी बंधूंच्या बैठकीत हल्ली एक वाद वारंवार ऐकू येतो. वडीलधारी मंडळी म्हणतात, "दोन पारड्यांची तागडी हीच खरी. दांडी डोळ्यांदेखत सरळ होई, गिऱ्हाइकाला निराळे समजावून सांगावे लागत नसे." यावर तरुण मंडळींचे उत्तर असे की, इलेक्ट्रॉनिक काटा कोणाचे तोंड पाहत नाही, तो दाखवील तो आकडा उभयतांनी मान्य करावा. सरकारी पडताळणीची गोष्ट निघाली की मात्र दोन्ही पक्ष एक होतात आणि दरवर्षीचा खर्च व खेटे यांविषयीचे गाऱ्हाणे सुरू होते. या वादात मला काय वाटते ते सांगण्यासाठी माझ्याच दुकानातील एक प्रसंग वाचकांपुढे ठेवीत आहे. तो मला भूषणावह नाही; तथापि तो सांगितल्यावाचून माझे म्हणणे पुरे होणार नाही.

हा वाद तसा नवा नव्हे. वजने व मापे यांच्या प्रमाणीकरणाचा कायदा १९५६ साली संमत झाला, मेट्रिक वजनांचा प्रारंभ १ ऑक्टोबर १९५८ पासून झाला आणि एप्रिल १९६२ पासून जुनी पद्धती बंद झाली. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, आणि ४० शेरांचा मण म्हणजे सुमारे ३७ किलो ३२४ ग्रॅम. किलो शेराहून थोडा मोठा, म्हणून त्याचा भावही थोडा अधिक. परंतु गिऱ्हाइकाला एवढेच दिसे की, दुकानदाराने भाव चढविला. माझे वडील सांगत की, त्या दिवसांत बेळगावच्या रविवार पेठेत माल विकण्यापेक्षा हिशेब समजावण्यातच अधिक वेळ जाई. त्याही आधी खेड्यांतून धान्य पायलीने मोजले जाई, तेव्हा माप शिगोशीग भरले की सपाट, यावरून तंटे होत. मापे बदलत गेली, संशय तेवढा कायम राहिला.

नव्या काट्याची रचना समजून घेणे इष्ट आहे. तागडी वजनाशी वजन ताडून पाहते. इलेक्ट्रॉनिक काटा तसे करीत नाही. त्याच्या फळीखाली 'लोड सेल' नावाचा धातूचा ठोकळा असतो. भाराने तो अत्यंत सूक्ष्म वाकतो, त्यावर चिकटविलेल्या पट्ट्या ताणल्या जातात, त्यांतील विजेचा रोध पालटतो आणि त्या फरकावरून आकडा उमटतो. म्हणजे हे यंत्र पृथ्वीची ओढ मोजते. यामुळेच गोव्याच्या किनाऱ्यावर जुळविलेला काटा सुमारे ७५० मीटर उंचीवरील बेळगावात तसाच आणला, तर तो ५० किलोंमागे सुमारे दहा ग्रॅम कमी दाखवील. हा फरक क्षुल्लक खरा. पण यंत्राचा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, हे ध्यानी यावयास तो पुरेसा आहे.

आता प्रसंग सांगतो. हरभऱ्याचा हंगाम होता. जवळच्या खेड्यातील एक किराणा दुकानदार, आमचे जुने गिऱ्हाईक, सायंकाळी परत आले आणि म्हणाले, "अण्णा, तुमच्या पाचही पोत्यांत माल जास्त भरला आहे. माझ्या काट्यावर प्रत्येकी ३०० ग्रॅम वाढले." त्यांच्या सचोटीचे मला कौतुक वाटले. मी हसून म्हणालो, "राहू द्या, घरचाच माल आहे." ते गेले. मग मनात चुटपुट लागली, म्हणून हमालाकडून काट्याची फळी उचलवून पाहिली. फळी आणि खालची चौकट यांच्या फटीत मूठभर हरभरे दाबून बसले होते. रिकामा काटा शून्यच दाखवी; पण पोते ठेवले की फळी त्या दाण्यांवर टेके आणि भाराचा काही अंश लोड सेलला चुकवून परस्पर जमिनीकडे जाई. दाणे होते तसेच ठेवून प्रमाणित वजने चढविली. ५० किलोंना काट्याने ४९.७०० दाखविले. काट्यावरील सरकारी मोहोर शाबूत होती, मुदतही संपलेली नव्हती.

क्षणभर वाटले, नुकसान झाले ते आपलेच झाले. आणि मग अंगावर काटा आला. जो काटा कमी दाखवितो, तो विकताना व्यापाऱ्याला बुडवितो. पण खरेदी करताना शेतकऱ्याला बुडवितो. त्याच काट्यावर आम्ही शेतकऱ्यांचा हरभरा घेतला होता!

काटा शेवटी साफ केल्याला आठ दिवस झाले होते. दाणे नेमके केव्हा अडकले हे कळण्यास मार्ग नव्हता, म्हणून संपूर्ण आठ दिवसांचा हिशेब धरला. तीन शेतकऱ्यांची मिळून ४२ पोती. पोत्यामागे ३०० ग्रॅम, म्हणजे १२ किलो ६०० ग्रॅम. ५५ रुपये भावाने ६९३ रुपये. मी स्वतः तिघांच्या घरी जाऊन रक्कम पोचती केली. एक म्हणाला, "एवढ्यासाठी कशाला आलात, शेठ?" दुसऱ्याने निमूटपणे पैसे घेतले. तिसरा वृद्ध गृहस्थ थोडा वेळ थांबून म्हणाला, "यापूर्वीही कधी असे झाले असेल का हो?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत हीनाधिकमानोन्मान हा एक आहे. देताना कमी मापाने द्यावे आणि घेताना अधिक मापाने घ्यावे, हा तो दोष. त्याच पाचांत विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याच्या नियमांचे उल्लंघन, हाही आहे. तेव्हा मापाचा खरेपणा आणि कायद्याचे पालन या गोष्टी आपल्या आचार्यांनी एकाच व्रताच्या पोटी ठेवल्या आहेत. माझ्या हातून घडले ते जाणूनबुजून घडले नाही, हे खरे. परंतु प्रमाद हा आपल्या शास्त्राने दोषाचे मूळच मानला आहे.

आता सरकारी धोरणाविषयी. वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०११ पासून अमलात आहे. त्याखालील नियमांनुसार साधी तागडी व वजने यांची फेरपडताळणी २४ महिन्यांनी, तर इलेक्ट्रॉनिक काट्याची १२ महिन्यांनी करावी लागते. ज्या यंत्राला आपण निर्दोष समजतो त्यावरच अधिक लक्ष ठेवावे, असा या नियमाचा अर्थ मी घेतो. रेशन दुकानांत ई-पॉस यंत्राला काटा जोडण्याचे धोरणही स्वागतार्ह आहे. पण फळीखालचे दाणे त्या जोडणीला दिसत नाहीत. सरकारी मोहोर इतकेच सांगते की, पडताळणीच्या दिवशी काटा बरोबर होता. उरलेल्या ३६४ दिवसांची हमी ज्याची त्यानेच द्यावयाची असते.

त्या दिवसापासून आमच्या दुकानी रोज सकाळी फळीखाली झाडून घेतात, काटा समपातळीत आहे ना हे पाहतात आणि प्रमाणित वजने चढवून आकडा वहीत लिहितात. या कामास दहा मिनिटेही लागत नाहीत. आपल्या संघाने पेठेत एक सामायिक पडताळा-काटा ठेवावा आणि गिऱ्हाइकाबरोबरच शेतकऱ्यालाही त्यावर आपला माल विनामूल्य तोलून पाहता यावा, अशी माझी नम्र सूचना आहे. कार्यकारी मंडळाने तिचा अवश्य विचार करावा. माझ्याकडे हिशेब चुकल्याची वर्दी एका प्रामाणिक गिऱ्हाइकाने आणून दिली. पण शेतकऱ्याच्या घरी बहुधा दुसरा काटा नसतो, हे आपण विसरू नये.

जय जिनेंद्र.